छोटा ट्रॅक्टर निवडताना : अश्वशक्तीआधी ओळींमधील वाट मोजावी

देशातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.०८ हेक्टर आहे. महाराष्ट्रात ते १.३४ हेक्टर भरते. एकूण धारणक्षेत्रांपैकी सुमारे ८६ टक्के धारणक्षेत्रे दोन हेक्टरांहून लहान आहेत. अशा शेतात ४५ ते ५० अश्वशक्तीचा, दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर नांगरटीपुरता आत येतो आणि बांधापाशी वळताना कोपऱ्यातील गुंठा-दोन गुंठे जमीन तशीच सोडून जातो. पीक उभे राहिल्यावर तर त्याला आत शिरताच येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी छोटा ट्रॅक्टर बाजारात आला. आज साधारण ११ ते ३० अश्वशक्तीच्या आणि अर्ध्या टनापासून सव्वा टनापर्यंत वजनाच्या यंत्रांना ग्राहक आणि विक्रेते ‘मिनी ट्रॅक्टर’ म्हणतात. गुजरातमधील कापूस-भुईमुगाच्या पट्ट्यात, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत, सोलापूरच्या डाळिंबांत, कोल्हापूर-बेळगावच्या उसात आणि हिमाचलच्या फळबागांत ही यंत्रे दिसतात. कामे मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी आहेत, त्यामुळे एका गावात उत्तम ठरलेला ट्रॅक्टर दुसऱ्या गावात निरुपयोगी ठरू शकतो.

खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न बहुधा ‘किती एचपीचा?’ असा विचारला जातो. हा प्रश्न वास्तविक शेवटी यावयास हवा. वर्षभरातील कोणते काम ट्रॅक्टरवाचून अडते, त्या कामासाठी कोणते अवजार लागते, ते अवजार घेऊन ट्रॅक्टरला शेतातील सर्वांत अरुंद जागेतून जाता येईल काय, आणि तेथून जाऊ शकणारा ट्रॅक्टर ते अवजार उचलून चालवू शकेल काय, या क्रमाने विचार केल्यास अश्वशक्तीचा आकडा आपोआप हाती येतो. उलट क्रमाने गेल्यास कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर यंत्र बागेत मावत नसल्याचे ध्यानात येते.

वाटेची रुंदी

द्राक्षबागेत दोन ओळींतील अंतर साधारण ८ ते १० फूट असते. कागदावर ९ फुटांच्या ओळीत चार फूट रुंदीचा ट्रॅक्टर सहज मावतो. परंतु ‘वाय’ पद्धतीच्या बागेत आधाराचे दोन्ही हात ओळींमधील वाटेकडे झुकलेले असतात. पानोरा भरला की चालकाच्या खांद्याच्या उंचीवर मोकळी राहणारी जागा जमिनीलगतच्या जागेपेक्षा पुष्कळ कमी होते. मांडव पद्धतीत अडचण रुंदीची नसून उंचीची असते. सरळ वर निघणारा सायलेन्सर, उंच स्टीअरिंग आणि चालकाची बसण्याची उंची यांपैकी एक जरी गोष्ट जास्त असली तरी घड आणि कोवळ्या फुटी ओरबाडल्या जातात. म्हणून मोजमाप बागेच्या ऐन वाढीच्या काळात, जमिनीलगत, कमरेच्या आणि डोक्याच्या अशा तिन्ही उंचींवर घ्यावे. ट्रॅक्टरची रुंदीही माहितीपत्रकावरून न घेता मडगार्डच्या बाहेरच्या कडेपासून आणि मागे जोडलेल्या अवजारासह मोजावी. दोन्ही बाजूंना किमान वीतभर तरी मोकळी जागा उरली पाहिजे, कारण चालक दिवसभर रेषेत सरळ गाडी हाकीलच असे नाही.

डाळिंबासाठी ४.५ बाय ३ मीटर अंतराची शिफारस आहे. लागवडीच्या वर्षी ही वाट प्रशस्त वाटते. झाडे पूर्ण पसरल्यावर फांद्या निम्मी वाट व्यापतात आणि त्या काटेरी असतात. मोसंबी-संत्र्याच्या ६ बाय ६ मीटरच्या बागेत मात्र अडचण फारशी येत नाही, तेथे थोडा मोठा ट्रॅक्टरही चालतो. उसाची गोष्ट पुन्हा वेगळी. तीन-साडेतीन फुटांच्या जुन्या सरीत ट्रॅक्टरने आंतरमशागत करणे कठीण. सरी साडेचार-पाच फुटांची केली तर तीन फुटांहून कमी रुंदीचा ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून चालून बाळबांधणी आणि मोठी बांधणी करून देतो. येथे ट्रॅक्टरची चाके किती जवळ घेता येतात आणि ऊस वाढल्यावर त्याच्या पोटाखाली किती जागा राहते, हे दोन आकडे निर्णायक असतात. नवी लागवड करणाऱ्याच्या हाती एक सवलत असते : तो ओळींतील अंतर यंत्र पाहून ठरवू शकतो. लोखंडी अँगल आणि तारा एकदा उभ्या राहिल्या की ती सवलत संपते.

ओळीच्या शेवटी वळण्यासाठी सोडलेली जागाही मोजावी लागते. अनेक बागांत कुंपण आणि शेवटचा खांब यांत जेमतेम आठ-दहा फूट अंतर असते. अवजार उचलून धरलेला ट्रॅक्टर तेवढ्यात एका दमात वळत नसेल तर प्रत्येक ओळीला पुढे-मागे करावे लागते आणि दिवसाचे काम दीड दिवसाचे होते. अशा ठिकाणी गिअर न बदलता दिशा बदलण्याची सोय असलेल्या ट्रॅक्टरला जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. मोकळ्या रानात तिचे काही विशेष कारण नाही.

फवारणीचा ब्लोअर आणि पुढची चाके

बागायतदाराच्या दृष्टीने छोट्या ट्रॅक्टरचे सर्वांत महत्त्वाचे काम फवारणीचे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर द्राक्षवेली फुलोऱ्याच्या सुमारास असताना पाऊस झाला तर केवडा, म्हणजेच डाऊनी मिल्ड्यू, पाने ओली राहिल्यापासून काही तासांत शिरकाव करू शकतो. औषध त्याच दिवशी, शक्य तर त्याच वेळी, वेलीवर पोहोचले पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने राज्यातील द्राक्षपट्ट्याचे मोठे नुकसान केले. अशा प्रसंगी प्रश्न ट्रॅक्टर किती वेगाने फवारतो एवढाच नसतो; तो चिखलातून बागेत शिरू शकतो की नाही, हा असतो.

काळ्या जमिनीला वापसा येण्यापूर्वी दोनचाकी ओढ असलेला ट्रॅक्टर चाके जागच्या जागी फिरवीत बसतो. चारही चाकांना ओढ असलेला, साधारण एक टन वजनाचा ट्रॅक्टर त्याच जमिनीत सावकाश पण निघून जातो. द्राक्ष आणि डाळिंबासारख्या पिकांत जादा किंमत देऊन ‘फोर व्हील ड्राइव्ह’ घेण्याचे खरे कारण हे आहे. केवळ पेरणी, कोळपणी आणि उन्हाळी मशागत करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा खर्च बहुधा वसूल होत नाही. ओल्या जमिनीत शिरण्याची सोय झाली म्हणून वारंवार शिरणेही बरे नव्हे. चाकोरीखाली जमीन घट्ट होते आणि मुळ्यांपर्यंत हवा-पाणी जाणे मंदावते, म्हणून ही क्षमता निकडीच्या फवारणीसाठी राखून ठेवावी. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ओढ बंद करावी, नाहीतर टायर आणि गिअर दोन्ही झिजतात.

ब्लोअर निवडताना टाकीचे आकारमान पाहून मोह होतो, कारण मोठी टाकी म्हणजे पाणी भरण्याच्या कमी खेपा. पण ४०० लिटर पाण्याचे वजनच ४०० किलो. त्यात टाकी, पंप, पंखा आणि चौकट मिळून २०० किलो धरले तर भार ६०० किलोंवर जातो. अनेक छोट्या ट्रॅक्टरांची उचलक्षमता ५०० ते ७५० किलो सांगितली जाते. हा आकडा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो, तर ब्लोअरचा भार त्या टोकाच्याही मागे लटकत असतो. जितका मागे, तितकी उचल कमी. शासकीय चाचणी अहवालात टोकापाशी आणि टोकापासून मागे अशा दोन्ही ठिकाणची उचल दिलेली असेल तर दुसरा आकडा पाहावा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. समजा, ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो असून त्यातील ३६० किलो पुढच्या चाकांवर आहे, आणि पुढील व मागील एक्सलमधील अंतर दीड मीटर आहे. ६०० किलोंचा ब्लोअर मागील एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे लटकत असेल, तर तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकांवरील ३६० किलो भार पूर्णपणे नाहीसा होतो. स्टीअरिंग फिरते, ट्रॅक्टर मात्र वळत नाही. चढावर तो मागे उलटू शकतो. त्याच ट्रॅक्टरला ३०० किलोंचे अवजार जोडले तर पुढे १८० किलो भार शिल्लक राहतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या २० टक्के, आणि सुरक्षिततेसाठी किमान तेवढा असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामुळे मोठी टाकी हवीच असेल तर स्वतःच्या चाकांवर चालणारा, ट्रॅक्टरने नुसता ओढायचा ब्लोअर घ्यावा, किंवा पुढे बसवायची बिडाची वजने ट्रॅक्टरसोबतच मागून घ्यावीत. विक्रेते ही वजने अनेकदा ‘नंतर पाहू’ म्हणून टाळतात.

फवारणीचा आणखी एक तपशील क्लचचा आहे. मागील बाजूस फिरणारा दांडा, ज्याला सर्वत्र पीटीओ म्हणतात, तो मिनिटाला ५४० फेऱ्या या प्रमाणित गतीने अवजार चालवतो. साध्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलण्यासाठी क्लच दाबताच हा दांडाही थांबतो. पंखा मंदावतो आणि ओळीच्या सुरुवातीच्या काही वेलींवर औषध नीट बसत नाही. रोग नेमका तेथूनच सुरू झाल्याचे नंतर आढळते. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेल्या ट्रॅक्टरात हा दोष नसतो. ब्लोअर आणि रोटाव्हेटर हीच मुख्य कामे असणाऱ्याने या बाबतीत तडजोड करू नये.

अश्वशक्ती कोणती?

जाहिरातीतील अश्वशक्ती इंजिनाची असते. अवजारापर्यंत पोहोचते ती पीटीओची अश्वशक्ती, आणि ती साधारणपणे इंजिनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास भरते. २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून १७ अश्वशक्तीची अपेक्षा ठेवून अवजार निवडावे. भारी काळ्या जमिनीत तीन फुटी रोटाव्हेटरला १८ ते २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शोभतो. हलक्या, मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत त्याहून कमी ताकदीवरही काम निघते. खोल नांगरट हे मात्र छोट्या ट्रॅक्टरचे काम नव्हे. तेथे केवळ इंजिनाची ताकद पुरत नाही, जमिनीला धरून ठेवणारे वजनही लागते, आणि ते या यंत्राकडे मुद्दामच कमी ठेवलेले असते. वर्षातून एकदाची नांगरट मोठ्या भाडोत्री ट्रॅक्टरकडून करून घेणे हा यावरचा रुळलेला मार्ग आहे.

वेळेचा हिशेबही आधीच करून ठेवलेला बरा. ९० सेंटिमीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला आणि वळणे, थांबे धरून तीन-चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष कामात गेला, तर एक एकर फिरवण्यास सुमारे दोन तास चोवीस मिनिटे लागतात. मोठ्या ट्रॅक्टरचा दीड मीटरचा रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने हेच काम सव्वा तासाच्या आत उरकतो. तीन-चार एकरांत हा फरक सोसता येतो. दहा एकर मोकळे रान आणि एक एकर बाग असेल तर दोन्हींसाठी एकच यंत्र शोधण्याचा हट्ट सोडावा.

कोकणातील किंवा गोव्यातील भातखाचरांचे गणित यांपैकी कशातच बसत नाही. बांधाबांधांवरून एका खाचरातून दुसऱ्यात उतरणे, गुडघाभर चिखलात चिखलणी करणे आणि पायवाटेसारख्या रस्त्याने शेतापर्यंत पोहोचणे या तीन अटी पूर्ण करणारा ट्रॅक्टर हलका आणि चारचाकी ओढीचा असावा लागतो, आणि त्याला चिखलणीची लोखंडी पिंजरा-चाके बसली पाहिजेत. एकर-दीड एकराच्या विखुरलेल्या खाचरांसाठी पॉवर टिलरच पुरेसा आणि स्वस्त पडतो.

ट्रॉली ओढण्याबाबत अनेकांची समजूत अशी की, जागेवरून हलली म्हणजे ओढता येते. खरी परीक्षा उतारावर थांबण्याची असते. एक टनाच्या ट्रॅक्टरमागे तीन टन शेणखत किंवा उसाची ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. उत्पादकाने ठरवून दिलेली भारमर्यादा पाळावी आणि ओझे नेहमी खालच्या ठराविक हुकालाच जोडावे. वर, एक्सलच्या उंचीच्या वर, साखळी बांधून ओढण्याच्या प्रयत्नात ट्रॅक्टर चालकावर उलटतात.

कागदपत्रे, अनुदान आणि हप्ता

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांची भारतीय मानकांनुसार चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओची प्रत्यक्ष ताकद, इंधनाचा खप, ओढण्याची आणि उचलण्याची क्षमता, ब्रेकची कामगिरी आणि चाचणीत आढळलेले दोष नोंदवलेले असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. पण दोन मॉडेलांची तुलना करण्यासाठी याहून निःपक्ष साधन नाही.

वस्तू व सेवा कर परिषदेच्या निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून टायर आणि सुट्या भागांवरील करही १८ वरून ५ टक्के झाला आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात, ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या आत, लहान व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे; महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. याखेरीज राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर आणि त्यांची उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आखली. साडेतीन लाख रुपयांच्या कमाल मर्यादेत ३ लाख १५ हजार अनुदान, असे तिचे मूळ स्वरूप होते. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी तालुका कृषी कार्यालयात किंवा संबंधित विभागाकडे पाहून घ्याव्यात. पूर्वसंमती मिळण्याआधी केलेली खरेदी सामान्यतः अनुदानास पात्र धरली जात नाही.

अनुदान मिळो वा न मिळो, यंत्राला वर्षाकाठी पुरेसे काम आहे की नाही हा प्रश्न उरतोच. उदाहरणादाखल, चार लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे साडेआठ हजार, म्हणजे वर्षाला एक लाखाहून थोडा अधिक पडतो. ट्रॅक्टर वर्षाला ६०० तास चालला तर तासाला केवळ हप्त्यापोटी १७० रुपये. ३०० तास चालला तर ३४० रुपये. डिझेल, ऑइल, दुरुस्ती आणि चालकाची मजुरी त्याहून वेगळी. हा आकडा गावातील भाड्याच्या दराशी ताडून पाहावा. मशागतीपुरताच ट्रॅक्टर लागत असेल तर भाडे किंवा गावची अवजारे बँक जवळजवळ नेहमी स्वस्त ठरते. फवारणीचे तसे नाही. पाऊस उघडल्यावर साऱ्या शिवाराला एकाच सकाळी ब्लोअर हवा असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या बागेत तिसऱ्या दिवशी येतो. अशा पिकात तासांचा हिशेब थोडा बाजूला ठेवून मालकीचे यंत्र घेण्यास अर्थ आहे. दोघा-तिघा भावांत किंवा शेजाऱ्यांत एक ट्रॅक्टर घेण्याचा विचार असेल तर याच दिवसाचा विचार करून, फवारणीचा क्रम आधी लिहून ठरवावा.

दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ‘प्राइमा ईटी ११’ हा छोटा विद्युत ट्रॅक्टर सादर केला असून खासगी उत्पादकही या वर्गात उतरले आहेत. शेतावर रात्री वीज किती तास आणि किती दाबाने मिळते, यावर त्याची उपयुक्तता तूर्त अवलंबून आहे.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने तासांच्या मीटरवर विसंबू नये. तो बदललेला असू शकतो. क्लचचे पेडल, पायऱ्या आणि जोडपिना यांची झीज खरे वय सांगते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि ते हळूहळू खाली बसते काय हे दहा मिनिटे थांबून पाहावे. बसत असेल तर हायड्रॉलिकची दुरुस्ती ठरलेली. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र व्यवहारापूर्वी हाती घ्यावे. नवा असो वा जुना, सुटे भाग आणि मेकॅनिक किती किलोमीटरवर आहेत, हे त्याच मॉडेलच्या परिसरातील दोन मालकांना विचारावे, आणि विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी शोरूमच्या अंगणात न बोलावता आपल्या बागेच्या सर्वांत अरुंद ओळीत, पाणी भरलेल्या ब्लोअरसह बोलवावे.